कॅलेंडर खुशाल बदला, वाराला हात लावू नका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखा जाहीर झाल्यापासून नाशिकात पंचांगाची आवड असलेल्या माणसाला कुणी सुखाने चहा पिऊ देत नाही. "सगळ्या जगाला एकच सोपं कॅलेंडर का नाही?" इथपासून "आठवडाच पाच दिवसांचा करून टाकला तर?" इथपर्यंत प्रश्न येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

आत्ताच्या कॅलेंडरात एवढं बिघडलंय तरी काय?

सूर्याच्या हिशेबात जवळपास काहीच नाही. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं धरली की वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस येते. ऋतूंचं खरं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं आहे. म्हणजे एका दिवसाची चूक व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. तोवर आपण कशाला काळजी करा!

तक्रार आहे ती आतल्या मांडणीबद्दल. महिने २८ ते ३१ दिवसांचे, तिमाह्या ९० ते ९२ दिवसांच्या. ३६५ ला ७ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून तीच तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते आणि लीप वर्ष मध्ये आलं की दोन. पगार, भाडं, व्याज, शाळेचं वेळापत्रक सगळं दरवर्षी नव्याने मांडावं लागतं. गेल्या मार्चशी या मार्चची विक्री ताडून बघणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. शनिवार-रविवार किती पडले हे आधी मोजावं लागतं.

मग सरळसोट कॅलेंडर कुणी सुचवलंच नाही का?

ढिगाने सुचवली. त्यातली दोन गाजली.

पहिलं तेरा महिन्यांचं. ब्रिटिश रेल्वेत हिशेबाचं काम केलेल्या मोझेस कॉट्सवर्थ यांनी ते १९०२ मध्ये मांडलं. प्रत्येक महिना बरोबर २८ दिवसांचा, जून आणि जुलैच्या मध्ये 'सोल' नावाचा जादा महिना. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. उरलेला एक दिवस वर्षअखेरीस, कुठल्याच महिन्यात न मोडणारा. हे निव्वळ कागदावर राहिलं असं मात्र नाही. कोडॅक कंपनीने आपल्या अंतर्गत हिशेबासाठी ते १९२८ पासून १९८९ पर्यंत वापरलं. बाहेर जुलै चालू आणि आत 'सोल', तरी साठ वर्षं गाडी चालली. गंमत म्हणजे या कॅलेंडरात प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेला शुक्रवारच येतो आणि युरोप-अमेरिकेत तोच दिवस अशुभ मानतात.

दुसरं 'जागतिक कॅलेंडर'. अमेरिकेच्या एलिझाबेथ अकेलिस यांनी १९३० पासून त्याचा ध्यास घेतला. यात महिने बाराच, पण प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची: पहिला महिना ३१ चा, पुढचे दोन ३० चे. तिमाही नेहमी रविवारी सुरू होणार आणि शनिवारी संपणार. रविवार सोडले तर प्रत्येक महिन्यात कामाचे दिवस बरोबर २६. डिसेंबरच्या शेवटी एक 'जागतिक दिवस', लीप वर्षात तसाच आणखी एक जूनच्या शेवटी. या दोन्ही दिवसांना वारच नाही. एकदा छापलं की तेच कॅलेंडर जन्मभर भिंतीवर ठेवायचं.

ऐकायला तर झकास वाटतं. मग अडलं कुठे?

त्या 'वार नसलेल्या' दिवशीच अडलं.

नाशिकचंच उदाहरण घेऊ. पुढच्या सिंहस्थातलं पहिलं मोठं स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्या दिवशी आषाढ अमावस्या आहे आणि वार सोमवार, म्हणजे सोमवती अमावस्या. आता समजा २०२७ च्या १ जानेवारीपासून जागतिक कॅलेंडर लागू झालं. त्यात फेब्रुवारी ३० चा आणि मार्चही ३० चा, म्हणून आपला २ ऑगस्ट तिथे १ ऑगस्ट होतो. आणि त्या कॅलेंडरात १ ऑगस्टला कायम बुधवारच असतो. चंद्र-सूर्य जागच्या जागी, अमावस्या तीच, फक्त सोमवार गेला! आता त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांनी काय करायचं? ते जुनाच सोमवार धरणार हे उघड आहे. म्हणजे एका गावात दोन सोमवार, एक देवळातला आणि एक कचेरीतला. पुढच्या वर्षी त्यांच्यातलं अंतर पुन्हा एका दिवसाने बदलणार.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनी कोणता सोमवार धरायचा? एसटीच्या जादा गाड्या कोणत्या सोमवारी सोडायच्या? सोळा सोमवार करणारी बाई सतरावा सोमवार कसा मोजणार? ज्यूंचा शनिवार, मुसलमानांचा शुक्रवार, ख्रिश्चनांचा रविवार यांचंही असंच. दर सातव्या दिवशी, मध्ये खंड न पडता, ही त्यांची अट आहे. मध्ये एक बिनवाराचा दिवस घुसवला की 'सातवा' दिवस आठवा होतो.

संयुक्त राष्ट्रांत हा प्रस्ताव नेला कुणी माहीत आहे? भारताने, १९५३-५४ मध्ये. त्यासाठी खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा १९५४ मध्ये जिनिव्हाला गेले होते. १९५५ मध्ये अमेरिकेने धार्मिक आक्षेपांचं कारण देऊन विरोध कळवला आणि १९५६ मध्ये विषय बेमुदत बाजूला पडला. साहांबद्दल मला अतोनात आदर आहे, पण इथे विरोधकांचं म्हणणं बरोबर होतं असं माझं मत आहे. महिने आणि वर्षं आकाशाकडे बघून ठरतात, त्यात चूक निघाली तर दुरुस्त करता येते. वार कशावरच बेतलेला नाही. त्याची सगळी किंमत तो तुटला नाही यातच आहे.

पण १५८२ मध्ये दहा दिवस उडवले होतेच की. तेव्हा वार नाही तुटला?

नाही, आणि हेच लक्षात घ्यायचं. पोप ग्रेगरींनी कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा ४ ऑक्टोबर १५८२ ला गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी तारीख १५ ऑक्टोबर आणि वार शुक्रवार. ब्रिटनने १७५२ मध्ये तेच केलं: बुधवारी २ सप्टेंबर, गुरुवारी १४ सप्टेंबर. रशियात १९१८ च्या ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. स्वीडनने तर मधल्या गोंधळात १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी साजरा केला. तारखांचे असे खेळ झाले, वारांची माळ मात्र कुणी तोडली नाही.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी घेतली आणि ३० डिसेंबरचा शुक्रवार तिथे उगवलाच नाही. व्यापारासाठी ते सोयीचं होतं. पण शनिवार पाळणाऱ्या तिथल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ख्रिश्चन मंडळींत खरा शनिवार कोणता यावरून मतभेद झाले.

आठवडा सातच दिवसांचा का? आपल्याकडे तर तिथी होती ना?

होती, आणि वार नव्हते. पुरावा आपल्या उंबऱ्यावर आहे. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. सुरुवातीलाच काळ दिला आहे: वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, १३ वा दिवस. म्हणजे वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येकात आठ पक्ष आणि पक्षातला दिवस. वार नाही, कारण वार मोजायची पद्धतच तेव्हा इथे रुळलेली नव्हती. वेदांगज्योतिषातही वार नाहीत. पावसाळा थांबल्यावर सकाळच्या उन्हात ती अक्षरं बघायला जरूर जा, पायऱ्या बऱ्याच आहेत तेवढं ध्यानात ठेवा.

भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा अगदी जुना उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर सापडतो. गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. पश्चिमेकडून ग्रहांचं ज्योतिष आलं, त्याबरोबर वार आले.

क्रम असा का, तेही सांगतो, कारण शाळेत कुणी सांगत नाही. मंद ग्रहापासून शीघ्र ग्रहापर्यंत ओळ लावा: शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरा, म्हणजे तास, ओळीने या सातांना वाटा. शनिवारची पहिली होरा शनीची. २४ ला ७ ने भागून बाकी ३, म्हणून दुसऱ्या दिवशीची पहिली होरा तीन घरं पुढच्या रवीची. तिथून तीन घरं पुढे चंद्र, म्हणजे सोमवार. असंच मंगळ, बुध, गुरू, शुक्र. कागदावर एकदा करून बघा, पोरांना फार आवडतं.

दहा किंवा पाच दिवसांचा आठवडा कुणी करून पाहिला आहे का?

दोघांनी, आणि दोघेही तोंडघशी पडले.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये नवं कॅलेंडर आलं. ३० दिवसांचे १२ महिने, महिन्यात दहा-दहा दिवसांचे तीन गट आणि वर्षाच्या शेवटी पाच-सहा सणाचे दिवस. दशमान पद्धत म्हणून मोठं शोभिवंत. पण सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती दहाव्या दिवसावर गेली. राबणाऱ्याच्या हिशेबात वर्षाला ५२ सुट्ट्यांच्या ३६ झाल्या. १८०२ मध्ये सातांचा आठवडा परत आला आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते कॅलेंडरच गुंडाळलं.

सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये वेगळा डाव टाकला. यंत्रं एक दिवसही थांबायला नकोत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला आणि कामगारांना पाच रंगांत वाटलं: पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. रंगागणिक सुट्टीचा दिवस वेगळा. नवरा पिवळा आणि बायको हिरवी असली की घरात एकत्र बसून जेवायची चोरी. यंत्रांनाही देखभालीला वेळ मिळेना. १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा केला आणि सगळ्यांना ६, १२, १८, २४, ३० या तारखांना सुट्टी दिली. खेड्यापाड्यांत लोक रविवारच धरून बसले. शेवटी जून १९४० मध्ये सरकार मुकाट्याने सात दिवसांवर परतलं.

मला यातली रंगांची गोष्ट जास्त बोलकी वाटते. सुट्टी मिळणं निराळं आणि सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळणं निराळं. आपल्याकडे वीजभार विभागावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या, जशी पुण्याच्या भोसरीकडे गुरुवारी. अशा कारखान्यातल्या माणसाला विचारा, पोराच्या रविवारच्या मॅचला तो किती वेळा गेला.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली ना? मग ती बदलायला काय हरकत?

साहेबाच्या कचेरीला रविवारी सुट्टी होती, गिरणीतल्या माणसाला नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करत होता. अर्ज, सभा, पाठपुरावा अशी वर्षानुवर्षं घातल्यावर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असा दाखलाही लोखंड्यांनी दिल्याचं सांगतात. तेव्हा रविवार हा निव्वळ चर्चचा दिवस म्हणून मोडीत काढायला निघालेल्यांनी आधी जेजुरीला जाऊन यावं.

पाच दिवसांच्या आणि चार दिवसांच्या आठवड्याचं काय?

यात वाराला धक्का लागत नाही, फक्त काम आणि सुट्टी यांची वाटणी बदलते. म्हणूनच या सुधारणा टिकतात. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी झाली. राज्य सरकारच्या कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाला, त्याबदल्यात रोजचं काम ४५ मिनिटांनी वाढलं. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आणली आणि शुक्रवार अर्धा ठेवला.

पण फायदा कुणाला, हे बघायला हवं. पेठ किंवा सुरगाण्याचा माणूस दाखल्यासाठी नाशिकला येतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. शनिवारी कचेरी बंद आणि हे त्याला आल्यावर कळलं तर दोन दिवसांची. शहरातल्या बाबूला दोन सुट्ट्या मिळाल्या, खर्च गेला त्याच्या खात्यावर. निदान तालुक्याच्या गावी एखादी खिडकी शनिवारी उघडी ठेवायला काय हरकत होती?

चार दिवसांच्या आठवड्याबद्दल एकच सांगतो: तास कमी होणार आहेत का, ते आधी विचारा. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात जे प्रयोग झाले त्यांत पगार तोच ठेवून तास ४० वरून ३५-३६ वर आणले होते. आपल्याकडे ४८ तास तसेच ठेवून चार दिवस करायचे म्हटलं तर रोजचे बारा तास होतात. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात बारा तास उभं राहून पुन्हा सिन्नरला घरी जायचं, ही कसली सुधारणा?

आठवडा बदलला तर आठवडे बाजारावर काय परिणाम होईल?

हा प्रश्न फक्त बायका विचारतात आणि तो सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तिथे मिरची-मसाला, बोंबील, कोयते-विळे घेऊन बसणारा माणूस बुधवारी नाशकात, गुरुवारी दुसऱ्या गावात, शुक्रवारी तिसऱ्या गावात असतो. आजूबाजूच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारांवर वाटलेले आहेत, ते याच फेरीसाठी. एका गावाचा वार हलवला की सगळी साखळी हलते. दहा दिवसांचा आठवडा केला तर भाजी तीन दिवस जास्त कशी टिकवणार, हेही आहेच.

लोक बदलतच नाहीत असं मात्र नाही. अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायचे, ही लासलगावची कित्येक दशकांची रीत अलीकडे मोडली. माल साठून राहतो, भाव पडतो, हे दिसत होतं. गरज पटली की लोक आपणहून बदलतात.

वारही राहील आणि कॅलेंडरही कायमचं, असा काही तोडगा आहे का?

आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हँकी आणि हेन्री या दोघांनी सुचवलेला. वर्ष ३६४ दिवसांचं, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. जमलेली तूट दर पाच-सहा वर्षांनी एक जादा आठवडा टाकून भरायची. आपला अधिक महिना जे करतो तेच, लहान प्रमाणात. गणितात मला हे सगळ्यात पटतं. पण त्या जादा आठवड्याचा पगार कुणी द्यायचा, यावर भांडण ठरलेलं.

आठवड्याचा पहिला दिवस रविवार की सोमवार?

आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात सोमवार. भिंतीवर रविवार. दोन्ही चालू द्या.

आपलं राष्ट्रीय कॅलेंडर आहे म्हणतात, ते कुठे गेलं?

सरकारी राजपत्रावर आहे, आकाशवाणीवर आहे. बाकी कुठे दिसत नाही.

१९५२ मध्ये साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यात 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी ही आपली माणसंही होती. देशात तीसेक पंचांगपद्धती चालू होत्या. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ ला १ चैत्र शके १८७९ म्हणून नवं कॅलेंडर सुरू झालं. ते बघायला साहा नव्हते, आदल्या वर्षीच ते वारले.

आखणी उत्तम आहे. वर्ष विषुवदिनानंतर सुरू होतं, उन्हाळ्या-पावसाळ्यातले महिने ३१ चे, बाकीचे ३० चे, आणि वाराला हातही लावलेला नाही. मग चाललं का नाही? माझ्या मते एकच घोळ: चांद्र महिन्यांचीच नावं सौर महिन्यांना दिली. घरात चैत्र पाडव्याला सुरू होतो, सरकारात २२ मार्चला. २०२३ मध्ये पाडवा नेमका २२ मार्चला आला तेव्हा दोन्ही जुळले, पण २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला. एकाच घरात दोन चैत्र कोण सांभाळणार?

संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला, असं का?

कधी १४, कधी १५ हे लीप वर्षाच्या चक्रामुळे, पण संक्रांत हळूहळू पुढेही सरकते आहे. आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या. ताऱ्यांचं वर्ष सुमारे २० मिनिटांनी मोठं, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. टिळक पंचांग मानणारी घरं तर १० जानेवारीलाच तिळगूळ वाटून मोकळी होतात, कारण राशिचक्राचा आरंभबिंदू कुठला धरायचा यावर जुना वाद आहे.

सिंहस्थ बारा वर्षांनीच का?

गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. पण त्याला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, बारा नाही. त्यामुळे सात-आठ फेऱ्यांत एखादी अकरा वर्षांची निघते. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ मध्येच कुंभ झाला, तो यामुळे. आपल्याकडे २०१५ नंतर आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे.

आर्थिक वर्ष जानेवारीपासून करायचं होतं ना?

१९८० च्या दशकात एल. के. झा समितीने तसं सुचवलं होतं, २०१६ मध्ये पुन्हा समिती नेमली, २०१७ मध्ये मध्य प्रदेशाने घोषणाही केली. झालं काही नाही. एप्रिलची प्रथा १८६७ पासूनची आहे. कॅलेंडर बदलून काही मिळवायचंच असेल तर खटपट इथे करावी. पावसाचा अंदाज नसताना अर्थसंकल्प मांडायचा हे शेतीच्या जिल्ह्याला कधीच पटणारं नाही, आणि इथे कुणाचा उपासही मोडत नाही.

मला रोज राष्ट्रीय तारीख लिहायची आहे. सुरुवात कशी करू?

इसवी सनातून ७८ वजा करा, २२ मार्चच्या आधी असाल तर ७९. महिन्यांचे आरंभ पाठ करा: वैशाख २१ एप्रिल, ज्येष्ठ २२ मे, आषाढ २२ जून, श्रावण २३ जुलै, भाद्रपद २३ ऑगस्ट, आश्विन २३ सप्टेंबर, कार्तिक २३ ऑक्टोबर, अग्रहायण २२ नोव्हेंबर, पौष २२ डिसेंबर, माघ २१ जानेवारी, फाल्गुन २० फेब्रुवारी. लीप वर्षात चैत्र एक दिवस आधी, २१ मार्चला, आणि तेव्हा तो ३१ चा. म्हणजे महाराष्ट्र दिन ११ वैशाख, स्वातंत्र्यदिन २४ श्रावण, प्रजासत्ताक दिन ६ माघ.

चेकवर ही तारीख चालते, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. काउंटरवरचा मुलगा चेक उलटापालटा करून साहेबांकडे नेईल, तेवढी दहा मिनिटं हाताशी ठेवून जा.